बालहक्कांवरच्या वार्तापत्रासाठी दुसरा देश कोणता निवडावा?

प्रश्न :
मी चौथीच्या वर्गाला शिकवते. ‘बालहक्क आणि दुसरा एक देश’ या विषयावर मुलांनी छोटे ध्वनिमुद्रित वार्तापत्र तयार करायचे आहे. मुलांनी लिहून आणलेल्या पहिल्या मसुद्यांत मात्र ‘तिकडच्या मुलांना शाळा नाही, अन्न नाही, आपण किती नशीबवान’ हाच सूर आहे आणि तो मला खटकतो. कीव न करता दुसऱ्या देशाकडे पाहता येईल, असा देश आणि असा विषय कोणी सुचवेल का?

उत्तर १ :
पोलंड घ्यावा. बालहक्क संहितेचा, म्हणजे मुलांच्या हक्कांवरील आंतरराष्ट्रीय कराराचा, पहिला मसुदा 1978 मध्ये पोलंडनेच संयुक्त राष्ट्रांपुढे मांडला आणि 20 नोव्हेंबर 1989 रोजी संहिता स्वीकारली गेली. त्याच्याही कितीतरी आधी, 1926 मध्ये, वॉर्सा येथे डॉक्टर आणि शिक्षक यानुश कोर्चाक यांनी ‘माली पशेग्लॉन्द’ नावाचे साप्ताहिक सुरू केले होते. मोठ्यांच्या एका दैनिकासोबत दर शुक्रवारी निघणाऱ्या या पुरवणीतला मजकूर प्रामुख्याने मुलांच्या पत्रांतून आणि बातम्यांतून उभा राहत असे, आणि ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांनी कार्यालयात येऊन तोंडी सांगावे, अशी सोयही ठेवली होती. पुढे ते रेडिओवरही ‘म्हातारे डॉक्टर’ या नावाने बोलत. माध्यम आणि हक्क यांची इतकी स्वाभाविक सांगड दुसरीकडे क्वचितच सापडेल.

उत्तर २ :
सूचना उत्तम आहे, पण कोर्चाक आणि त्यांच्या अनाथाश्रमातील मुले यांचा 1942 मध्ये नाझींच्या त्रेब्लिंका मृत्युछावणीत अंत झाला, हे नऊ वर्षांच्या मुलांपुढे किती उलगडायचे, ते आधी ठरवावे. लपवू नये, मात्र त्यावर वार्तापत्र बेतूही नये. त्यापेक्षा त्या आश्रमातील मुलांचे न्यायालय घ्या. तिथे मुलेच न्यायाधीश असत, मोठ्या माणसांवरही फिर्याद करता येई, खुद्द कोर्चाकही आरोपी म्हणून उभे राहिले होते, आणि न्यायालयाच्या नियमांतील सुरुवातीची कलमे शिक्षेची नसून क्षमेची होती. वर्गात अशी एक सुनावणी ध्वनिमुद्रित केली, तर ‘बिचारी मुले’ हा सूर आपोआप गळून पडेल.

प्रश्नकर्ती :
सुनावणीची कल्पना फारच आवडली. पण वर्गातील खऱ्या भांडणांचे ध्वनिमुद्रण करणे योग्य ठरेल का?

उत्तर २ :
खरे भांडण घेऊ नये. मुलाला खासगीपणाचा हक्क आहे, हे बालहक्क संहितेचेच 16 वे कलम सांगते, तेव्हा प्रकल्पातच त्याचा भंग होणे शोभणार नाही. फिर्याद कल्पित ठेवावी, पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि मुलांनाही स्वतंत्रपणे विचारावे, कारण 12 व्या कलमानुसार त्यांच्या मताला वजन आहे. एखाद्याने आवाज देण्यास नकार दिला, तर त्याला संपादनाचे काम द्यावे. कोणता भाग कापायचा, हे त्यानेच ठरवावे. शिक्षकांनी त्यात हात घालण्याचा मोह आवरावा, मग उच्चार थोडे अडखळले तरी चालेल.