सीएसव्ही फाइली एक्सेलमध्ये आपोआप कशा घ्याव्यात?

प्रश्न: सोलापुरातील आमच्या टॉवेल कारखान्यात रोज येणाऱ्या सीएसव्ही फाइली (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या माहितीच्या साध्या मजकूर-फाइली) मी एक्सेलमध्ये एकेक करून उघडतो, तेव्हा ००४७ हा माल-क्रमांक ४७ होतो आणि ०३/०८ ही तारीख ३ ऑगस्टऐवजी ८ मार्च ठरते. यावर कायमचा उपाय आहे का?

उत्तर १: एक्सेल २०१६पासून पॉवर क्वेरी (बाहेरची माहिती आणून ती ठरलेल्या पायऱ्यांनी नीट करणारे साधन) अंगभूतच आहे. सर्व फाइली एका फोल्डरमध्ये ठेवून 'गेट डेटा'तून तो फोल्डर जोडावा, माल-क्रमांकाचा प्रकार 'टेक्स्ट' करावा आणि तारखेसाठी 'युझिंग लोकेल'मध्ये (तारीख कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायची ते ठरवणारा पर्याय) भारतीय इंग्रजी निवडावी. त्यानंतर रोज केवळ 'रिफ्रेश ऑल' पुरते.

उत्तर २: मात्र आपोआप पडलेली 'चेंज्ड टाइप' ही पायरी (जिथे पॉवर क्वेरी स्वतःच स्तंभांचे प्रकार ठरवते) आधी काढावी, कारण शून्ये तिथेच गळतात.

प्रश्नकर्ता: शून्ये टिकली, आभारी आहे, परंतु व्यापाऱ्यांच्या मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हे दिसतात.

उत्तर २: 'फाइल ओरिजिन' (फाइलीतील अक्षरे कोणत्या सांकेतिक पद्धतीने वाचायची ते) ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, करावे.