मदत हवी आहे : आजोबांच्या संकलित एलपींचे मोल कसे ठरवावे?

नमस्कार. आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो. आजोबांच्या पश्चात त्यांच्या कपाटात शास्त्रीय गायनाच्या बऱ्याच एलपी (दीर्घकाळ वाजणाऱ्या तबकड्या) सापडल्या, त्यांतील बहुतेक संकलने आहेत. याच शहरात दरबारगायक असलेल्या आणि १९५० साली येथेच निवर्तलेल्या उस्ताद फैयाज खाँ यांच्या मूळ ध्वनिमुद्रिका मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या होत्या. त्या पुढे एकत्र करून एलपीवर आल्या, म्हणूनच आमच्या घरात तो आवाज पोहोचला. वेष्टनावर आजोबांनी रागांच्या नावांपुढे पेन्सिलीने बारीक खुणा केल्या आहेत. जयजयवंतीपुढे तर दोन.

जुन्या तबकड्यांचे एक व्यापारी म्हणाले, की संकलनाला किंमत नसते, मूळ मुद्रिका असतील तर आणा. मला हे मुळीच पटलेले नाही, कारण निवड आणि क्रम लावणाऱ्या जाणकाराचे श्रमही त्यात असतातच.

तरी जाणकारांनी कृपया सांगावे : मूळ तबकडीचा वेग चुकीचा धरल्यामुळे पुनर्मुद्रणात गायकाचा स्वर चढला किंवा उतरला आहे का, हे कसे ओळखावे? आणि काही तबकड्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके आले आहेत, ते खाचांना इजा न होता कसे काढावेत? विकण्याचा विचार तूर्त नाही.