मदत हवी आहे : आई-बाबा पहिल्यांदाच दुबईला, औषधं आणि लाडू

नमस्कार मंडळी. ताईचं बाळंतपण आहे, म्हणून आई-बाबा दोन महिन्यांसाठी दुबईला निघालेत. पहिलाच विमानप्रवास. व्हिसा झाला, पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त आहे, तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टरही घेतला. अडलंय ते बॅगेत.

आईने डिंकाचे लाडू वळून डबा भरलाय, आणि त्यात सढळ हाताने खसखस! यूएईत खसखशीवर बंदी आहे, हे कळल्यापासून ती माझ्यावरच रुसलीय. ("बाळंतिणीला खसखशीशिवाय लाडू?") नवीन घाणा करूच, पण तोच खलबत्ता धुऊन वापरला तर चालेल ना?

खरी काळजी बाबांच्या गोळ्यांची. कंबरदुखीसाठी ट्रामाडॉल चालू आहे, ते तिथे नियंत्रित औषध आहे. तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते म्हणे. कुणी अलीकडे काढलीय का? किती दिवस लागले? आमचे डॉक्टर चिठ्ठीवर फक्त ब्रँडचं नाव खरडतात. औषधाचं मूळ नाव आणि शिक्का मागून घ्यावा ना? की डॉक्टरांना विचारून गोळीच बदलून घेणं बरं? बीपीच्या गोळ्या मूळ पाकिटातच ठेवल्यात.

पुढच्या महिन्यात निघायचंय. अनुभव असेल त्यांनीच सांगा, प्लीज.