आई-बाबा आणि मुलं घेऊन आल्प्समध्ये गाडीने : तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. मागच्या जूनमध्ये आम्ही म्युनिकहून गाडी घेऊन नऊ दिवस आल्प्समध्ये फिरलो. मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि सत्तरीतली आई. निघायच्या आधी खूप शोधलं, पण सापडायचं ते एकतर पाठीवर सॅक टाकून फिरणाऱ्या तरुणांचं, नाहीतर दहा दिवसांत सात देशवाल्या टूरचं. आईचे गुडघे आणि पोरीची भूक धरून कुणी लिहिलेलं मिळेना. म्हणून हा धागा काढतेय. गड, घाट, ट्रेक, जे केलंत ते सगळं लिहा, आणि जे जमलं नाही ते तर नक्कीच लिहा, पुढच्याला त्याचाच जास्त उपयोग होतो.

सुरुवात मीच करते. नॉयश्वानस्टाईन, म्हणजे जर्मनीत बव्हेरियातला डोंगरावरचा राजवाडा. तिकीट ठरलेल्या वेळेचं असतं, ती वेळ चुकली की तिकीट गेलं. खालच्या होहेनश्वांगाऊ गावातून वर जायला अर्धा-पाऊण तासाचा चढ आहे. घोडागाडी मिळते, पण ती दारापर्यंत नेत नाही, शेवटचा चढ पायीच चढावा लागतो, आणि हे आम्हाला घोडागाडीतून उतरल्यावर कळलं. आई दर वळणावर टेकत होती. दोन तास हाताशी ठेवले होते म्हणून वेळेत पोचलो, नाहीतर अवघड होतं.

आत अर्ध्या तासाची टूर, फोटो काढू देत नाहीत. पण एक दालन मी विसरणार नाही. खाली प्राणी-पक्ष्यांची नक्षी असलेली मोझेकची जमीन, वर टांगलेलं अवाढव्य झुंबर, समोर पांढऱ्या संगमरवराच्या पायऱ्या आणि पायऱ्या चढून वर काहीच नाही! सिंहासनाचं दालन, पण सिंहासन कधी बसलंच नाही. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग, त्याने १८६९ मध्ये काम सुरू केलं आणि १८८६ मध्ये तो गेला तेव्हा वाडा अर्धवटच होता. तो गेल्यावर काही आठवड्यांतच तिकीट लावून लोकांना वाडा दाखवायला सुरुवात झाली. आई बाहेर आल्यावर म्हणाली, "एकटं राहायला बांधलं गं बिचाऱ्याने, आणि आता बघ ही रांग."

आता तुम्ही लिहा.

*

छान धागा ताई. आम्ही स्टुटगार्टला असतो, दोन वर्षांपूर्वी बाबा आले होते. बाबांनी तीस वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीच वरंध आणि आंबेनळी घाटात. त्यांना राजवाड्यांत रस नव्हता, त्यांना घाट बघायचा होता. मग ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनरचा रस्ता केला. ४८ किलोमीटर, ३६ मोठी वळणं, प्रत्येक वळणाला नंबर आणि उंचीची पाटी, १९३५ पासून चालू आहे. हिवाळ्यात बंद असतो आणि टोल चांगलाच आहे, पण एकदा भरला की मग दिवसभर थांबत थांबत जा.

चढताना बाबा खिडकीला नाक लावून बसले होते. एडेलवाइसश्पित्झला, म्हणजे २५७१ मीटरवर, उतरून त्यांनी खालची सगळी वळणं बोटाने मोजली. उतरताना मात्र मी चूक केली. गाडी भाड्याची, ऑटोमॅटिक, मी सारखा ब्रेकवर पाय ठेवून चाललो होतो आणि अर्ध्या उतारावर जळका वास यायला लागला. बाबा शांतपणे म्हणाले, बाजूला घे. अर्धा तास आम्ही तिथे थांबलो, चाकांतून धूर निघत होता, पोरं घाबरली होती. मग त्यांनी मला मॅन्युअल मोडवर टाकायला लावलं, "ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतरायचं, इंजिनच गाडी धरतं, ब्रेक फक्त वळणाला." पुढचा सगळा उतार ते शेजारी बसून सांगत होते आणि मी तसंच करत होतो. ऑटोमॅटिकमध्येही गिअर खाली घेता येतो, हे निघायच्या आधी गाडीत बसून बघून घ्या, प्लीज.

आणि त्याच रस्त्यावरच्या कायझर-फ्रान्झ-योझेफ्स-ह्योहेला पास्टर्झे हिमनदी बघायला थांबा. बर्फ कोणत्या वर्षी कुठवर होतं त्याच्या पाट्या वाटेवर लावल्यात. एकेका पाटीपासून बर्फ इतकं लांब गेलंय की माझा मुलगा विचारत होता, आपण परत येऊ तेव्हा असेल का. मला उत्तर देता आलं नाही.

*

स्वित्झर्लंडबद्दल थोडं. आम्ही सहा आणि दहा वर्षांच्या मुलांना घेऊन लाउटरब्रुनेन या खोऱ्यातल्या गावात पाच रात्री एकाच घरात राहिलो आणि हा सगळ्यात बरोबर निर्णय होता. रोज बॅगा भरायच्या नाहीत, सकाळी पोहे करून खायचे आणि निघायचं. वरच्या वेंगेन आणि म्युरेन गावांना गाड्या जातच नाहीत, गाडी खाली पार्क करून ट्रेन किंवा केबल कार.

मेन्लिखेन ते क्लायने शायडेग हा ट्रेक मुलांसाठी अगदी योग्य आहे. साधारण साडेचार किलोमीटर, जवळजवळ सगळा हलका उतार आणि पूर्ण वेळ आयगर, म्योंश, युंगफ्राउ ही शिखरं समोर. पिवळ्या पाटीवर दीड तासाच्या आसपास वेळ दिलेली असते, आम्हाला तीन तास लागले. ती वेळ न थांबता चालायची असते, त्यात खाणं, शू, गाईंच्या घंटा ऐकत उभं राहणं हे काही धरलेलं नसतं. मुलं असतील तर सरळ दुप्पट धरा आणि परतीच्या शेवटच्या ट्रेनची किंवा केबल कारची वेळ आधी बघा. अजून एक, पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट, तिथे बूट चांगले हवेत. पांढरा-निळा-पांढरा दिसला की मुलांना घेऊन तिकडे वळूच नका.

रविवारी बरीच दुकानं बंद असतात! शनिवारीच दूध-ब्रेड भरून ठेवा. हायवेसाठी ४० फ्रँकचा विनेट, म्हणजे टोलचा पास लागतो, एक दिवस जा नाहीतर वर्षभर.

*

मी जरा वेगळं मत मांडतो. नॉयश्वानस्टाईन सुंदर आहे, पण तो वाडा आहे. गड बघायचा असेल तर साल्झबुर्गच्या दक्षिणेला होहेनवेर्फेनला जा. अकराव्या शतकातला, खाली साल्झाख नदी, दोन्हीकडे डोंगर, आणि खोऱ्यातून जाणारा प्रत्येक माणूस वरून दिसतो. माझी चौदा वर्षांची मुलगी राजगड-तोरणा केलेली आहे. वर पोचल्यावर तटावरून वाकून बघत ती म्हणाली, "बाबा, ही जागा महाराजांनी पण निवडली असती." तिथे ससाणे आणि गरुड उडवून दाखवतात, एक तर आमच्या डोक्यावरून इतका खालून गेला की पंखांचा वारा लागला.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या एकाच बैठकीत लुडविगचे राजवाडे आणि आपले बारा किल्ले, दोन्ही जागतिक वारशात आले. ती बातमी आम्ही त्याच प्रवासात, साल्झबुर्गच्या हॉटेलात नाश्ता करताना वाचली. मुलीने लगेच बारा नावं म्हणून दाखवली, जिंजीसकट. माझा ऊर भरून आला.

वेर्फेनलाच आइसरीझेनवेल्ट ही बर्फाची गुहा आहे. आत सातशेच्या आसपास पायऱ्या आणि भर उन्हाळ्यात शून्याच्या जवळ तापमान. सासूबाईंना आम्ही नीट न विचारता नेलं, त्यांना दारातूनच परत फिरावं लागलं आणि दोन तास एकट्या बसल्या. ते मला अजून लागतं. आधी पायऱ्या सांगायला हव्या होत्या.

*

डोलोमाइट्स, म्हणजे इटलीतले आल्प्स. तिथल्या त्रे चीमे या तीन सुळक्यांभोवतीचा फेरा साधारण दहा किलोमीटरचा, रिफ्युजिओ औरोन्झो या हटपासून (डोंगरातलं खाण्या-राहण्याचं ठिकाण) सुरू होतो, तिथेच तुम्ही २३२० मीटरवर असता. आम्ही उशिरा, अकराला निघालो. लावारेदो खिंडीत पोचलो आणि ते तीन सुळके समोर आले, बारा वर्षांचा मुलगा नुसता बघत उभा राहिला, आणि तेवढ्यात मागून ढग. लांबवर एकदा गडगडलं. बायको म्हणाली परत. मी म्हटलं पुढची हट दिसतेय ना. ती म्हणाली, परत, आत्ता. मुलगा रडला, मीही फार नाराज झालो. गाडीपाशी पोचतोय तोवर गारा पडायला लागल्या आणि खिंडीच्या बाजूला वीज चमकली. उन्हाळ्यात दुपारनंतर हे नेहमीचं आहे असं हटवाल्या काकूंनी सांगितलं, आणि न मागता मुलाच्या हातात गरम चॉकलेटचा कप दिला.

सकाळी सातला निघा. अडचणीत मदतीसाठी ११२ नंबर या सगळ्या देशांत चालतो, मुलांनाही पाठ करून ठेवा.

*

सगळ्यांचे मनापासून आभार, सासूबाईंचं वाचून तर पोटात कालवलं. आईने खाल्लं काय असं दोघांनी विचारलंय. ती पूर्ण शाकाहारी. केझश्पेट्झले म्हणजे चीजमधल्या शेवयांसारखं काहीतरी, ते दोनदा खाल्लं, आणि कायझरश्मार्न, गोड जाड डोशाचे तुकडे, सोबत फळांचा मुरंबा. ते तर तिने पुण्याला जाऊन करून बघितलं, रवा घालून.

आणि ट्रेक? वाडा बघून झाल्यावर आम्ही खाली आल्पझे तळ्याकाठी गेलो. लेक आणि नवरा पूर्ण फेरा मारून आले. आई पहिल्या वळणापर्यंत चालली, चपला काढून दगडावर बसली आणि पाय पाण्यात सोडले. पाणी बर्फासारखं गार. मी म्हटलं, आई, बाहेर काढ पाय, दुखतील. तर म्हणाली, "दुखत होते, आता नाही दुखत. तू पण सोड." ते दोघं फिरून येईपर्यंत आम्ही तशाच बसलो होतो.