ब्रेडेड ब्रेक लाइन: खरंच बदलायला हवी का?

धागाकर्ता:
मोटरसायकलवर पैसे घालायचे तर आधी ब्रेकच्या नळीवर घालावेत, सायलेन्सर आणि आरसे नंतर. कंपनीची रबरी नळी लिव्हर जोरात दाबला की किंचित फुगते. लिव्हरचा तेवढा प्रवास वाया जातो आणि हाताला ब्रेक स्पंजी लागतो. ब्रेडेड लाइनमध्ये आत टेफ्लॉनची नळी आणि बाहेरून स्टीलच्या तारांचं विणकाम असतं, त्यामुळे ती फुगत नाही म्हटलं तरी चालेल. लिव्हर कडक लागतो, गाडी लवकर थांबते. ज्यांना हा खर्च वायफळ वाटतो त्यांनी कारण सांगावं.

पहिला प्रतिसाद:
लिव्हर कडक लागतो हे मान्य. गाडी लवकर थांबते हे अजिबात मान्य नाही. नळी फुगली तरी लिव्हर थोडा जास्त आत गेला की कॅलिपरवर, म्हणजे चाकाची चकती आवळणाऱ्या भागावर, दाब तेवढाच येतो. पुढे गाडी किती अंतरात थांबणार ते टायर आणि रस्त्याची पकड ठरवते.

दुसरं असं की लाइन बदलताना जुनं ब्रेक ऑइल निघून नवं भरलं जातं, हवा काढली जाते. फरक पडतो त्यातला बराचसा याचाच, आणि कौतुक होतं नळीचं. ग्लायकॉलचं ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल कोरडं असताना निदान २३० अंशांना उकळायला हवं, ओलावा शिरल्यावर हीच मर्यादा १५५ वर येते. लांब उतारावर ऑइल उकळून वाफ झाली की लिव्हर हँडलला टेकतो, मग नळी कुठलीही असो. आधी ऑइल बदला, नीट ब्लीडिंग करा (म्हणजे हवा काढा), मग ठरवा.

दुसरा प्रतिसाद:
वरच्या मताशी अर्धाच सहमत. ऑइल आधी, बरोबर. पण रबरातूनही ओलावा हळूहळू आत झिरपतो आणि रबर वयानुसार खराब होतं. बरेच उत्पादक नळी दर ४ वर्षांनी बदलायला सांगतात, ते कोणी वाचतच नाही. जुनी नळी आतून सुजली की ब्रेक लागतो पण सुटत नाही, चाक घासत राहतं. बाहेरून मात्र नळी ठणठणीत दिसते. मुदत संपलीच असेल तर पुन्हा रबर कशाला? ब्रेडेडच घ्या.

पहिला प्रतिसाद (पुन्हा):
कारण कंपनीच्या नळीची लांबी, वळणं, क्लिपा सगळं त्या गाडीसाठी बेतलेलं असतं. टेफ्लॉनची नळी फार लहान वळणात दाबली तर मोडते आणि तो मोड परत जात नाही. वरच्या विणकामामुळे तो दिसतही नाही. रबर निदान बाहेरच्या भेगा तरी दाखवतं.

तिसरा प्रतिसाद:
मी गाड्यांचं काम करतो. ब्रेडेडच्या बाजूने आहे, पण वाटेल त्या ब्रेडेडच्या नाही. टोकाचं फिटिंग कारखान्यात प्रेस केलेलं हवं. वरून प्लॅस्टिकचं आवरण हवंच, उघडी तार रंग आणि फेअरिंग (गाडीचं बाहेरचं प्लॅस्टिकचं कवच) करवतीसारखी कापते. एफएमव्हीएसएस १०६ या अमेरिकी मानकात नळी दाबाखाली सतत ३५ तास हलवत ठेवायची चाचणी आहे. ते मानक पाळल्याची छाप नळीवर नसेल तर मी ती गाडीला लावत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी.

बसवताना बँजो बोल्टचे (नळीचं टोक घट्ट धरणारा, आतून पोकळ बोल्ट) आटे जुळवून बघा. १० मिलीमीटरच्या बोल्टमध्येही १.० आणि १.२५ असे दोन पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिलीमीटरमध्ये) येतात, आणि चुकीचा बोल्ट जोर लावून बसवला तर कॅलिपर वाया जातो. वॉशर प्रत्येक वेळी नवे. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, पुढचं चाक उचलून सस्पेन्शन पूर्ण लांब होऊ द्या. नळी कुठेही ताणली जाता कामा नये.

धागाकर्ता:
अंतराबद्दलचा मुद्दा पटला. तरी लिव्हरचा अंदाज नेमका येणं माझ्या मते मोठी गोष्ट आहे. ओल्या रस्त्यावर चाक लॉक होण्याच्या अलीकडे थांबायचं असतं, तिथे बोटांना कळायलाच हवं. एबीएसवाल्या (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या) गाडीवर मात्र काय करावं?

तिसरा प्रतिसाद:
त्याच मॉडेलचा, एबीएससाठीचाच संच घ्या, कारण त्यात लाइनी जास्त असतात. काही गाड्यांत एबीएसच्या मॉड्यूलमध्ये अडकलेली हवा काढायला डायग्नोस्टिक (गाडीतले दोष तपासणारं) यंत्र जोडून त्याचा पंप चालवावा लागतो. ती सोय जवळ नसेल तर काम घरी उघडू नका.