मोगरा नुसता पानांनी भरलाय, कोथिंबीर फुलोऱ्यावर, लॉनवर पिवळे डाग

हिरवाचाफा (पुणे):
घरामागे 150 चौरस फूट 'सिलेक्शन वन' जातीच्या गवताचं लॉन आणि कडेला 12 इंची कुंड्या आहेत. सकाळी 8 ते 3 पर्यंत ऊन असतं. मोगरा हिरवागार, पण कळी नाही. कोथिंबीर वीतभर झाली की दांडा काढून फुलते. लॉनवर थाळीएवढे पिवळे डाग पडलेत, मुळं खाणारी हुमणी अळी असेल का? पाणी सगळ्यांना रोज संध्याकाळी पाइपने, महिन्यातून एकदा युरिया.

मातीमोल:
मोगऱ्याचा युरिया आधी थांबवा. नत्र जास्त झालं की तो पानंच काढत बसतो. कळी नव्या फुटीवर येते, म्हणून छाटणी हवीच, आणि ती आत्ता, फेब्रुवारी संपायच्या आत. पंधरा दिवस पाणी तोडा. पानं मलूल झाली की सगळ्या फांद्या निम्म्यावर आणा, वाळक्या काड्या बुडातून काढा, उरलेली पानं देठाशी कापा. वरची दोन इंच माती उकरून दोन-तीन मुठी जुनं शेणखत आणि दोन चमचे बोनमील (हाडांचा चुरा) मिसळा, मग कुंडीच्या बुडातून निथळेपर्यंत पाणी. पुढे कळ्या जांभळट दिसल्या आणि भोक आढळलं तर ती कळी पोखरणारी अळी. तशा कळ्या तोडून नष्ट करा आणि लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल, थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा.

गच्चीवरचं_शेत:
पंधरा दिवस पाणी तोडणं जमिनीतल्या झाडाला ठीक. पुण्याच्या उन्हात 12 इंची कुंडीतलं झाड तेवढ्यात वाळून जाईल. चार-पाच दिवस, पानं माना टाकेपर्यंत, पुरे. बाकी सहमत.

कोथिंबिरीचं कारण ऊन. पारा तिशीकडे सरकला की ती पानं सोडून बी धरायच्या मागे लागते, आणि एकदा दांडा निघाला की खुडून उपयोग नाही. फुलू द्या, धने धरा. नवी पेरायची तर कुंडी दुपारच्या उन्हातून हलवा किंवा 50 टक्के सावलीची हिरवी जाळी लावा. धने चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करा (पीठ नको), रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल थेट कुंडीत पेरा. रोप उपटून दुसरीकडे लावलं तर मुळं दुखावतात आणि ती आणखी लवकर फुलते. आठ-दहा दिवसांत उगवेल. माती सुकू दिलीत तरी दांडा येतो, त्यामुळे मोगऱ्याचं पाण्याचं वेळापत्रक हिला लावू नका. दर पंधरवड्याला थोडी थोडी पेरलीत तर एप्रिलपर्यंत मिळत राहील. त्यानंतर पुदिना बरा. बाजारातल्या जुडीचे जाड दांडे पाण्यात ठेवले की आठवड्याभरात मुळं धरतात. कुंडी मात्र स्वतंत्र द्या, शेजाऱ्याला जगू देत नाही तो.

दूर्वांकुर:
हुमणी आत्ता शक्यतो नाही. तिचे भुंगेरे वळवाच्या पावसात बाहेर येतात आणि अळी पावसाळ्यात मुळं खाते. खात्रीसाठी डागातलं गवत मुठीत धरून ओढा. सतरंजीसारखं उचलून आलं तर मुळं खाल्लेली. घट्ट असेल तर कारण मुळांत नाही, मातीच्या वर आहे. युरियाचे दाणे ओल्या पात्यावर पडून चिकटले तरी असंच जळतं.

रोज संध्याकाळचा शिडकावाही सोडा. मुळं वरच राहतात आणि रात्रभर ओल्या पात्यावर बुरशी येते. दर तिसऱ्या दिवशी पहाटे, चार इंच खोल ओल जाईल एवढं द्या.

हिरवाचाफा:
ओढून पाहिलं, घट्ट आहे. डागांच्या कडेचं गवत उलट गडद हिरवं दिसतंय. शेजारचा कुत्रा येतो, त्याचं काही?

दूर्वांकुर:
तोच. मुतात नत्र असतं. मधे जास्त पडून जळतं, कडेला थोडं पोचून खतासारखं काम करतं. दिसल्याबरोबर बादलीभर पाणी ओता. जुन्या डागांतलं मेलेलं गवत दाताळ्याने ओढून काढा, दोन-तीन वेळा भरपूर पाणी देऊन माती धुवा. मग कडेच्या चांगल्या गवताचे पेरं असलेले चार इंची तुकडे बोटभर अंतरावर खोचा, टोक वर ठेवून. वरून वाळू, माती आणि चाळलेलं शेणखत समभाग, अर्धा सेंटीमीटर थर. पूर्ण लॉनला द्यायचा तर सुमारे 70 लिटर मिश्रण लागेल. माती विकतची आणणार असाल तर आधी चाळा, लव्हाळा या तणाच्या गाठी त्यातूनच येतात, आणि एकदा पसरला की खुरप्याने सहा इंच खोल जाऊन गाठ काढल्याशिवाय तो हटत नाही. युरिया आता डाग भरेपर्यंत नको. नंतर चौरस मीटरला 10 ग्रॅम, कोरड्या गवतावर, आणि लगेच पाणी.