आयर्लंडचं परराष्ट्र धोरण: तत्त्व की फुकटची फुशारकी?

लिफीकाठची
ऑफिसात डबा खाताना एका पुणेकर मित्राशी जाम वाजलं, अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून हा काथ्याकूट. त्याचं म्हणणं, आयर्लंडची लोकसंख्या ५४ लाखांच्या आसपास, आपला पुणे जिल्हासुद्धा याच्याहून मोठा, आणि हे निघालेत जगाला मानवी हक्क शिकवायला. मे २०२४ ला नॉर्वे-स्पेनसोबत पॅलेस्टाईनला मान्यता दिली, हेगच्या कोर्टात दक्षिण आफ्रिकेने इस्रायलवर जी केस टाकलीय त्यात हस्तक्षेप करायचं ठरवलं, त्याच डिसेंबरात इस्रायलने डब्लिनमधली वकिलात बंद करतोय म्हणून जाहीर केलं. "यातून कुठल्या उपाशी पोराला भाकरी मिळाली?" हा त्याचा प्रश्न.

मी सात वर्षं इथे आयर्लंडमध्ये राहतेय आणि मला हे नुसतं भाषण वाटत नाही. जुलै १९८४ ची गोष्ट घ्या. डब्लिनच्या हेन्री स्ट्रीटवरच्या डन्स स्टोअर्स या सुपरमार्केटमध्ये मेरी मॅनिंग नावाची २१ वर्षांची मुलगी काउंटरवर होती, गिऱ्हाइकाने दक्षिण आफ्रिकेची ग्रेपफ्रूट पुढे केली आणि हिने बिल करायला नकार दिला, कारण वर्णद्वेषी राजवटीचा माल हाताळायचा नाही असं युनियनने ठरवलेलं. सस्पेंड. तिच्यामागे दहाएक जण बाहेर पडले, बहुतेक सगळ्या मुलीच. आठवड्याला २१ पौंड संपभत्ता, त्यावर पावणेतीन वर्षं रस्त्यावर काढली. १९८७ मध्ये सरकारला दक्षिण आफ्रिकेच्या फळं-भाज्यांवर बंदी घालावी लागली, पाश्चात्त्य देशांतल्या सुरुवातीच्या बंद्यांपैकी एक. म्हणजे इथलं परराष्ट्र धोरण कधीकधी दुकानाच्या गल्ल्यावर ठरतं.

आणि ते अजून गेलेलं नाही. परवा आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात सत्तरीची एक बाई खजुराचा डबा उलटा करून चष्मा कपाळावर सरकवून, माल इस्रायलचा तर नाही ना म्हणून बारीक अक्षरं वाचत होती, मागे रांग लागलेली, कुणी हूं की चूं केलं नाही. तिने डबा परत ठेवला आणि ट्युनिशियाचा घेतला. मला भारी वाटलं बुवा.

रोखठोक नाना
वा ताई, खजुरावर परराष्ट्र धोरण! आता जरा हिशोबाचं बोलू. या देशाकडे एक फायटर जेट नाही. संरक्षणावर जीडीपीच्या पाव टक्क्याच्या आसपास खर्च, युरोपियन युनियनमध्ये सगळ्यात तळाला. रशियन बॉम्बर जवळून गेलं तर उडतं कोण? ब्रिटिश हवाईदल. ज्या ब्रिटिशांच्या नावाने आठशे वर्षांची रड चालते तेच. अटलांटिकखालच्या इंटरनेटच्या कितीतरी केबल्स यांच्या समुद्रातून जातात आणि त्यावर नजर ठेवायला पुरेशी जहाजं नाहीत, जहाजं आहेत तर खलाशी नाहीत. त्यात ते 'ट्रिपल लॉक', म्हणजे बारापेक्षा जास्त सैनिक बाहेर पाठवायचे तर सरकार, संसद आणि वर यूएनची परवानगी. यूएन म्हणजे सुरक्षा परिषद, तिथे व्हेटो रशिया-चीनकडे. म्हणजे आयरिश सैनिक कुठे जाणार हे मॉस्कोत ठरणार! सरकारने हे बदलायला घेतलं तर तटस्थता बुडाली म्हणून गळे काढणारे पुढे. शेजाऱ्याच्या वॉचमनवर झोपायचं आणि सकाळी त्यालाच अहिंसा शिकवायची, याला मी तत्त्व म्हणत नाही.

आणि तटस्थतेचं म्हणाल तर मे १९४५ मध्ये हिटलर मेला तेव्हा इथले पंतप्रधान डी व्हॅलेरा स्वतः जर्मन राजदूताकडे सांत्वनाला गेले होते. प्रोटोकॉल म्हणे. छळछावण्यांचे फोटो जगभर पोचले होते तेव्हा.

कॉर्ककर
नाना डी व्हॅलेराचं बरोबर, त्याची लाज इथल्या लोकांनाही वाटते. पण "खलाशी नाहीत" वरून आठवलं. जानेवारी २०२२, युक्रेनवर हल्ला व्हायच्या महिनाभर आधी, रशियाने आमच्या नैऋत्य किनाऱ्यापासून अडीचशे किमीच्या आत नौदलाचा सराव जाहीर केला. समुद्र आंतरराष्ट्रीय, पण आयर्लंडच्या आर्थिक क्षेत्रातला, त्यामुळे सरकारला निषेधापलीकडे काही करता येईना. तर तिथल्या कॅसलटाउनबेअर बंदराच्या मच्छीमारांनी सांगितलं की हा आमचा सीझन, आम्ही तिथेच जाळी टाकणार, तुम्हाला मिसाईल उडवायच्या तर बघा. रशियाने सराव त्या क्षेत्राच्या बाहेर हलवला! माझा घरमालक त्या भागातला, अजून पबमध्ये दोन पिंट झाल्या की हीच गोष्ट, दरवेळी बोटींची संख्या वाढलेली असते.

हसा, पण सैन्य नावापुरतं म्हणून सैनिक नावापुरते नाहीत. १९७८ पासून दक्षिण लेबनॉनमध्ये यूएनच्या शांतिसेनेत आहेत, चाळीसहून जास्त जणांचा तिथे जीव गेलाय. १९६० मध्ये काँगोत निएम्बाला एका हल्ल्यात नऊ. ऑक्टोबर २०२४ ला इस्रायली रणगाडे आयरिश चौकीला अगदी खेटून उभे राहिले, निघून जा म्हणून सांगितलं, आत तीसेक जण होते, नाही हलले. हे फुकट खाणं नाहीये.

आणि भाकरीचा प्रश्न विचारलाय ना त्या मित्राने, त्याला सांगा. आयर्लंड २०२१-२२ ला सुरक्षा परिषदेवर होतं. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेसोबत ठराव २६६४ आणला, की यूएनचे निर्बंध कुठल्याही देशावर असोत, अन्न-औषधाची मदत त्यात अडकता कामा नये. आधी काय व्हायचं, निर्बंधाच्या भीतीने बँका मदतसंस्थांचे पैसेच पाठवायच्या नाहीत. रटाळ विषय, टीव्हीवर कुणी दाखवला नाही. १४ मतं बाजूने, एक तटस्थ. तो एक कोण, सांगू का? आपण.

पिंपळपार
भारत तटस्थ राहिला कारण दहशतवादी संघटना धर्मादायच्या नावाखाली पैसे गोळा करतात हा आपला अनुभव आहे, शेजारी बघा. ते कारण हसण्यावारी नेऊ नका.

बाकी ताई, "पाश्चात्त्य देशांतल्या" हे शब्द तुम्ही जपून टाकलेत ते बरं केलंत. दक्षिण आफ्रिकेशी व्यापार पहिल्यांदा तोडला भारताने, १९४६ साली, स्वातंत्र्य मिळायच्याही आधी, आणि तेव्हा आपल्या निर्यातीतला पाच टक्क्यांच्या आसपास वाटा तिकडे जायचा. दोन ग्रेपफ्रूट नव्हे. मला नेहमी हेच बघावंसं वाटतं की तत्त्वापायी नेमकं काय सोडलं.

आणि त्या फुटपट्टीने आयर्लंड मला नानांपेक्षा उलट्या बाजूने खटकतं. नानांना वाटतं हे फार बोलतात, मला वाटतं फार थोडं करतात. शॅनन विमानतळावरून इराक-अफगाणिस्तानला लाखो अमेरिकन सैनिक गेले, तटस्थ देशाच्या धावपट्टीवरून. गाझावर एवढं बोलले आणि इस्रायलचे सरकारी बॉन्ड्स (कर्जरोखे) युरोपात विकायची कागदपत्रं मंजूर करत होती आयर्लंडचीच सेंट्रल बँक, २०२५ मध्ये बोंबाबोंब झाल्यावर ते काम लक्झेंबर्गला गेलं. इस्रायलमधून इथे अब्जावधींचा माल येतो, त्यात मोठा भाग चिप्स. त्या कुठल्या आजीच्या पिशवीत जात नाहीत, अमेरिकन कंपन्यांच्या फॅक्टरीत जातात, आणि सरकारी तिजोरी त्याच कंपन्यांच्या टॅक्सवर चालते. ॲपलकडून थकलेला टॅक्स, १३ अब्ज युरो, वसूल करा म्हणून युरोप सांगत होता आणि हे कोर्टात भांडत होते की नको आम्हाला! २०२४ ला हरले तेव्हा घेतले. हे असं असताना तत्त्व किती ताणणार?

मालवणी खाजा
लिओ वराडकराचा नाव कोणीच कसा घेवक नाय? वराड आमच्या मालवणातला, बापूस तिकडचो. २०१९ च्या डिसेंबरात आयर्लंडचो पंतप्रधान असताना गावाक इललो. मार्च २०२४ ला सेंट पॅट्रिक्स डेक व्हाइट हाउसमध्ये बायडनच्या तोंडार बोललो की आयरिश लोकांका पॅलेस्टिनी माणसाच्या डोळ्यांत आपलोच इतिहास दिसता. यजमानाच्या घरात बसान असा बोलूक काळजा लागता. बाकी तुमचा चलांदे.

रोखठोक नाना
खाजा, बोलला आणि काही दिवसांतच राजीनामा जाहीर केला :) (गाझामुळे नाही, माहितीये, उगाच तुटून पडू नका.)

पण आता घरचंही बघा की. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांना रस्त्यात गाठून मारलं, इतकं की ऑगस्टमधला इंडिया डेचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. माझा भाचा तिथे नर्सिंग करतो, रात्रीची ड्युटी संपली की तासभर आतच बसून राहायचा, उजाडल्यावर बस पकडायचा. आणि आपली बेळगावची सविता हलप्पनवार? २०१२ मध्ये गॅल्वेत गर्भपात नाकारला गेला आणि जीव गेला. तेव्हा कुठे होते मानवी हक्क? सांगे लोकां ब्रह्मज्ञान.

लिफीकाठची
नाना, भाच्याचं वाचून वाईट वाटलं. खोटं नाही सांगत, त्या उन्हाळ्यात मीही कानात इयरफोन घालायचं बंद केलं होतं, मागून कोण येतंय ते ऐकू यावं म्हणून. पण सविताचं अर्धंच सांगितलंत. २५ मे २०१८ ला लोकांनी ६६ टक्के मतांनी घटनेतली गर्भपाताची बंदी काढली, सविताचं चित्र असलेल्या भिंतीवर चिठ्ठ्यांचा खच पडला होता. उशीर झाला, एक जीव गेल्यावर झालं, पण लोकांनी केलं.

पिंपळपार, तुमचं मात्र लागलं मला. तुम्ही म्हणताय ते ऑक्युपाइड टेरिटरीज बिलात अगदी उघडं पडतं. फ्रान्सेस ब्लॅक नावाच्या अपक्ष सिनेटरने २०१८ ला मांडलं, व्याप्त पॅलेस्टिनी भागातल्या इस्रायली वसाहतींचा माल आणि सेवा दोन्ही बंद. दोन्ही सभागृहांत मतं मिळवली आणि मग सरकारने खर्चाचं, युरोपच्या कायद्याचं कारण काढून ते कुजवलं. २०२५ मध्ये सरकारने स्वतःचा मसुदा आणला, त्यात फक्त माल. म्हणजे खजूर, संत्री, वर्षाला दोनेक लाख युरोंचा मामला. सेवा आल्या की टेक कंपन्या येतात, आणि लगेच वॉशिंग्टनहून धमक्या. २०२५ संपलं तरी कायदा झाला नव्हता. तेव्हा माझं म्हणणं दुरुस्त करते: काउंटरवरची पोरगी, लेबनॉनच्या चौकीतला सैनिक, ट्रॉलरवाले, यांचं तत्त्व मी खरं मानते कारण त्यांनी किंमत मोजली. सरकारचं निम्मंच मानते. पण निम्मं म्हणजे शून्य नव्हे, आणि बाकीचे निम्मंही करत नव्हते तेव्हा यांनी केलं.

कॉर्ककर
एक शेपूट: नानांचा तो पाव टक्का जरा फसवा आहे, जीडीपी अमेरिकन कंपन्यांच्या नफ्याने फुगलेला. खऱ्या उत्पन्नावर धरला तर आकडा वाढतो. तरी तळालाच राहतो म्हणा.

रोखठोक नाना
म्हणजे मी बरोबर. धन्यवाद.

लिफीकाठची
पुणेकर मित्राला अख्खा धागा पाठवला. त्याने उत्तरादाखल संत्र्याचं चित्र पाठवलंय, ग्रेपफ्रूटचं सापडलं नाही म्हणाला.